गाणे लंडनला पोहोचले, रॉयल्टी कुठे अडली?

प्रश्न : २०१५ मध्ये एका संगीत कंपनीच्या अल्बमसाठी मी आठ गीते एकरकमी मोबदल्यावर लिहून दिली. ‘सर्व हक्क कायमचे कंपनीकडे’ असे कलम करारात आहे. यंदा गणेशोत्सवात लंडनच्या एका सभागृहात, तिकीट लावून झालेल्या कार्यक्रमात, त्यांतील एक गीत गायले गेल्याचे भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओवरून कळले. मला काही मिळेल का? गायिकेकडे मागणी करावी का?
– एक गीतकार, पंचवटी, नाशिक

उत्तर : गायिकेला पत्र लिहू नका, तिचा यात दोष नाही. जाहीर कार्यक्रमात संगीत सादर करण्याचा परवाना सहसा सभागृह किंवा आयोजक घेतात आणि ब्रिटनमध्ये तो १९१४ साली स्थापन झालेल्या पीआरएस या संस्थेमार्फत मिळतो. भारतात गीतकार-संगीतकारांसाठी हेच काम १९६९ पासून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, करते. या दोन संस्थांमध्ये परस्पर करार असल्यामुळे तिकडे जमा झालेला भारतीय सभासदाचा वाटा इकडे पाठवला जातो आणि आयपीआरएस तो सभासदाच्या खात्यात वळता करते. म्हणून तुम्ही सभासद आहात का, हे प्रथम पाहा. नसाल, तर तुमच्या नावाने इकडे पैसे येण्याची वाटच नाही.

कराराच्या कलमाने धास्तावू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, हक्क कंपनीला दिले तरी रॉयल्टीतील समान वाट्यावरचा गीतकाराचा हक्क कायम राहतो. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे सोपवता येतो आणि याविरुद्ध केलेला करार अमान्य ठरतो. तुमचा करार दुरुस्तीनंतरचा आहे, ही जमेची बाजू.

खरी गोम नोंदणीत असते. प्रत्येक रचना स्वतंत्रपणे नोंदवावी लागते आणि परदेशी संस्थांच्या याद्या रोमन लिपीत असतात. ‘गोदाकाठ’ हा साधा शब्द घ्या : कोणी तो जोडून लिहितो, कोणी तोडून, कोणी ‘ए’ एकदा घालतो, कोणी दोनदा. कार्यक्रमानंतर आयोजकाने किंवा कलाकाराने पाठवलेल्या गीतयादीतले शीर्षक नोंदीशी जुळले नाही, तर गीत ओळखले जात नाही आणि रक्कम अडकून पडते. म्हणून नोंदणीच्या वेळी शीर्षकाची पर्यायी रूपेही द्यावीत, संगीतकाराचे नाव अचूक लिहावे आणि आपला आयपीआय क्रमांक जपून ठेवावा. जगभरच्या संस्था गीतकाराला याच क्रमांकाने ओळखतात. चाल पारंपरिक असेल तर तसे स्पष्ट नमूद करावे, ती कोणाच्याही नावावर दडपून लावू नये.

एका कार्यक्रमातून मिळणारी रक्कम बहुधा किरकोळच असते, कारण परवान्याची रक्कम त्या संध्याकाळच्या सर्व गीतांत विभागली जाते आणि संस्थांचा प्रशासन खर्चही त्यातून वजा होतो. ती हाती येईपर्यंत अनेक महिने जातात.

तूर्त भाच्याकडून कार्यक्रमाची तारीख, सभागृहाचे नाव आणि कार्यक्रमपत्रिकेचे छायाचित्र मागवा. सभासदत्व मिळाल्यावर आयपीआरएसकडे या कार्यक्रमाची चौकशी करताना हे तपशील उपयोगी पडतील. नुसत्या व्हिडिओवरून गीतयादी शोधणे तिथल्या कर्मचाऱ्यांनाही जड जाते.