पावडर भाच्याची, इन्सुलिन आईचं

प्रश्न: माझा भाचा जिमला जातो, ट्रेनरने त्याला बीसीएए पावडर घ्यायला सांगितलीये, म्हणे त्यातल्या ल्युसीनने मसल वाढते. इकडे आईला डायबेटीस, डॉक्टर आता इन्सुलिन सुरू करू म्हणतात आणि थोडं वजन वाढेल असंही म्हणाले. मग पेशी नक्की वाढते कशाने, प्रोटीनने की इन्सुलिनने? - एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, दोन्हीने, आणि एकट्याने कुणाचंच भागत नाही.

पेशीत एमटॉर नावाचं एन्झाइम असतं, आत्ता नवीन प्रोटीन बनवून वाढायचं की आहे त्यात भागवायचं हे बरंचसं तेच ठरवतं. ते चालू व्हायला बँकेच्या लॉकरसारख्या दोन चाव्या लागतात, फक्त इथे दोन्ही चाव्यांची कामं वेगळी. ल्युसीन, आर्जिनीन वगैरे अमिनो आम्लं, म्हणजे ज्यांपासून प्रोटीन बनतं ते तुकडे, पेशीत पुरेशी असली की रॅग नावाची प्रोटीन्स एमटॉरला लायसोसोमवर आणून ठेवतात, लायसोसोम म्हणजे पेशीतला जुना माल तोडून परत वापरायला काढणारी पिशवी. पण नुसतं तिथे जाऊन काही होत नाही, त्याला सुरू करणारं रेब नावाचं प्रोटीन तिथेच असतं पण टीएससी नावाच्या प्रोटीनांच्या गटाने ते दाबून ठेवलेलं असतं, मग इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला चिकटलं की आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जात जात एकेटी नावाचं एन्झाइम टीएससीला बाजूला काढतं, रेब मोकळं होतं आणि एमटॉर कामाला लागतं. म्हणजे घरात सामान आहे हे अमिनो आम्लं सांगतात, आणि सगळं शरीर आत्ता जेवलंय हे इन्सुलिन सांगतं. दोन्ही निरोप आल्याशिवाय पेशी खर्चात पडत नाही, शहाणीच म्हणायची.

एक चावी नसली तर काय होतं ते टाइप वन डायबेटीसमध्ये दिसतं. इन्सुलिन नसलं की स्नायू तुटत जातात, आणि गंमत म्हणजे तेव्हा रक्तात ल्युसीन कमी नसतं, उलट वाढलेलं असतं! जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं तेव्हा त्याचं वजन जेमतेम २९ किलो होतं. तेव्हा उपाशी ठेवणं हाच उपचार होता, तोही हातभार होताच म्हणा. पहिला डोस अशुद्ध निघाला, १२ दिवसांनी जास्त शुद्ध केलेला दिला तो लागू पडला, आणि पोरगा पुढे तेराएक वर्षं जगला.

आता भाच्याचं. जेवणानंतर एरवी जेवढं इन्सुलिन वाढतं तेवढं स्नायूला भरपूर झालं, त्यामुळे पावडरसोबत मुद्दाम साखर ढोसून इन्सुलिन वाढवायची जी फॅशन आहे तिने मसल जास्त बनत नाही. आणि बीसीएएमध्ये तीनच अमिनो आम्लं असतात, बाहेरून मिळवावीच लागतात अशी नऊ आहेत, म्हणजे कामाची ऑर्डर निघाली पण उरलेला माल कुठून आणायचा, तर शरीर तो स्वतःचंच प्रोटीन तोडून काढतं. आपल्या ज्वारीत ल्युसीन भरपूर असतं पण लायसीन कमी, म्हणून भाकरीसोबत डाळ-उसळ लागतेच. ट्रेनरला म्हणावं दूध, अंडी, डाळ आधी, पावडरचा डबा नंतर, आणि खरं तर डब्याची गरज पडूच नये.

आईंचं वजन वाढतं त्याची कारणं जरा वेगळी. शुगर जास्त असते तेव्हा ग्लुकोज लघवीतून वाया जात असतं ते थांबतं, इन्सुलिन चरबी साठवायलाही मदत करतं, आणि शुगर खाली जाईल या भीतीने माणूस मधेमधे खात राहतो. तेवढ्यासाठी इंजेक्शन टाळू नका, आहार आणि डोस यांचा मेळ डॉक्टरांकडून बसवून घ्या. मात्र भाच्याची पावडर ‘ताकद येईल’ म्हणून आईंना परस्पर देऊ नका, डायबेटीसमध्ये किडनीवर परिणाम झालेला असू शकतो आणि तेव्हा प्रोटीन किती घ्यायचं याचा हिशोब बदलतो, आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या.