ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच किडनीवर उलटतं, म्हणजे नेमकं काय होतं?

तुमच्या बहिणीचं लातूरला ल्युपस नेफ्रायटिसचं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या ल्युपस या आजारामुळे किडनीला सूज आल्याचं निदान झालं आणि डॉक्टर ‘सायटोकाइन बिघडलेत’ म्हणाले, ते काय, असा तुमचा प्रश्न आहे.

सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. जंतू आला की ते सुटतात, काम झालं की थांबतात. ल्युपसमध्ये थांबतच नाहीत. मुख्य गडबड इंटरफेरॉन-अल्फाची. हा खरा विषाणूविरुद्धचा निरोप, पण इथं शरीर स्वतःच्याच मेलेल्या पेशींतल्या डीएनएला विषाणू समजून बसतं. मग ‘बाफ’ नावाचा रेणू रक्तातल्या बी-पेशींना (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींना) जगवत ठेवतो, या पेशी डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतात आणि त्यांचे पुंजके किडनीच्या गाळणीत अडकतात. तिथं इंटरल्युकिन-६ वगैरे मंडळी सूज वाढवतात. गाळणी गळते, लघवीला फेस येतो.

ल्युपसमध्ये देतात ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ‘मलेरियाची साधी गोळी’ म्हणून परस्पर बंद करू नका. इंटरफेरॉन जिथून सुटतो तिथंच ती आवर घालते. फक्त डोळे वर्षाला तपासून घ्या. बाफला अडवणारं बेलिमुमॅब हे औषध अमेरिकेत या आजारासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालं, महाग आहे.

आणि ऊन! उन्हानं कातडीच्या पेशी मरतात, तोच निरोप पुन्हा सुटतो. आपल्याकडच्या मे महिन्यात नुसती दस्ती बांधून भागत नाही. भर दुपारी तिला शेतात धाडूच नका. अंग दुखलं म्हणून मेडिकलवरून दुखण्याची गोळीही आणू नका, किडनीला ती वेगळाच मार देते.