महिन्याच्या वहीत न दिसलेले साडेबारा हजार

"मॅडम, कितीबी वढून धरलं तरी महिन्याले पाचशे रुपये उरत नाही. आता कायले कात्री लावू, तुमीच सांगा."

बचत गटांच्या बैठकांत हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक जणी आधीच टोकाची काटकसर करत असतात. इथं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचा अनुभव मांडते. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

पाच एकर कोरडवाहू वावर. त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन आणि तुरीचे तास. घरात नवरा, सासू, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. ताई शिवणकाम करतात, हंगामात दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायलाही जातात. मुलीला बारावीनंतर अमरावतीला किंवा नागपूरला शिकायला पाठवायचं, त्यासाठी आतापासून काही बाजूला पडावं, एवढीच त्यांची इच्छा.

वही त्यांनी सोबतच आणली होती. पाच रुपयांच्या सांभारापर्यंत (कोथिंबिरीपर्यंत) सगळं लिहिलेलं. चहातली साखर कमी केलेली, तेल मोजून, आणि सासूबाईंचं दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणलेलं. मी म्हटलं, दूध आधी पूर्ववत करा. म्हाताऱ्या माणसाच्या वाटीतून काढलेल्या पैशाला मी बचत म्हणत नाही.

पुढच्या भेटीत त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊंनाही बोलावलं. ते बसतात न बसतात तोच ताईंनी त्यांच्या खर्र्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पुडीचा विषय काढला. वीसचा एक, दिवसाला दोन, म्हणजे महिन्याला 1,200 रुपये. हिशेब बिनचूक होता, पण भाऊ उठून बाहेर गेले. आपल्या भागात हे नेहमीच होतं. पहिलं बोट खर्र्यावर ठेवलं की घरातली पैशाची चर्चा तिथंच मोडते, आणि खर्रा काही सुटत नाही. तो विषय मी बाजूला ठेवला आणि भाऊंना परत बोलावून वेगळंच विचारलं: वर्षभरात घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात जातो?

भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यावर लिहायला घेतलं. ऑक्टोबरात सोयाबीन. नोव्हेंबर ते जानेवारी कापसाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे. नंतर थोडी तूर. पीएम किसान आणि नमो शेतकरी या दोन योजनांचे वर्षाला मिळून 12,000, तेही हप्त्याहप्त्यानं. लाडक्या बहिणीचे महिन्याला 1,500 ताईंच्या खात्यात. मार्चशी आलो तशी भाऊंची नजर खाली गेली.

"मार्चात नवं-जुनं करा लागते ना जी."

शेतकरी वाचकांना हे समजावून सांगायला नको. सोसायटीचं 80,000 चं पीककर्ज. मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. पण मार्चअखेर भरायला हातात रोकड नसते. मग गावातल्याच एकाकडून महिन्याला शेकडा पाचनं 80,000 उचलायचे, सोसायटीत भरायचे आणि नवं कर्ज मिळालं की त्याचे त्याला परत करायचे. नवं कर्ज हाती यायला दोन महिने सहज जातात. म्हणजे व्याजाचे 8,000 गेले. कागदावर बिनव्याजी असलेलं कर्ज घराला 8,000 ला पडत होतं, आणि शेकडा पाच म्हणजे वर्षाला 60 टक्के हे त्या घरात कोणी कधी मांडून पाहिलं नव्हतं.

यातूनच पुढची गळती होती. नवं कर्ज 95,000 चं झालं, त्यातले 88,000 व्याजानं पैसे देणाऱ्याला गेले, उरले 7,000. एवढ्यात पेरणी कशी होणार? म्हणून बियाणं, खत, फवारणी सगळं उधारीवर, दिवाळीच्या बोलीनं. ताईंना मी घरकामच दिलं: उधारीच्या चिठ्ठीतली एकेक वस्तू घेऊन दुसऱ्या दुकानात रोखीचा भाव विचारून या. 36,000 चा माल रोखीनं 31,500 ला बसत होता. युरियाची 45 किलोची गोणी सगळ्या देशात 266 रुपये 50 पैशांना मिळते, चिठ्ठीत ती 300 ला लावलेली. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. पण ज्याच्या वहीत आपलं नाव आहे त्याची तक्रार कोण करतो?

8,000 आणि 4,500 मिळून साडेबारा हजार. महिन्याला हजाराच्या वर. ताई पाचशेसाठी दुधाला कात्री लावत होत्या, आणि ही रक्कम त्यांच्या वहीत नव्हतीच. व्याज नव्या कर्जातूनच वळतं व्हायचं, उधारीचा जादा भाव दिवाळीच्या चुकाऱ्यात मिसळून जायचा. नोकरदाराच्या घरी पहिल्या तारखेला पगार येतो, म्हणून त्याला महिन्याचं बजेट चालतं. कास्तकाराच्या घरात आधी वर्ष मांडावं लागतं आणि मग महिना.

उपाय सांगायला सोपा, करायला अवघड. कापसाचा प्रत्येक चुकारा आला की त्यातला ठरलेला भाग मार्चसाठी वेगळ्या खात्यात टाकायचा. योजनांचे 12,000 ही तिथंच. भाऊंनी ऐकलं, पण दिवाळीत दुकानदार दारात उभा राहतो त्याचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याच घाईत ओलं सोयाबीन विकलं जातं आणि 12 टक्क्यांवरच्या ओलाव्याची कटती बसते. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल मिळते, 180 दिवसांसाठी, 6 टक्के व्याजानं. महिन्याला शेकडा अर्ध्याचं हे कर्ज गावात फार कमी जणांना ठाऊक असतं. भाऊंना मात्र गाडीभाडं आणि खेटे नको होते. त्यांनी निम्मं सोयाबीन विकून दुकानदाराचं भागवलं आणि उरलेलं वाळवून ठेवलं. मीही जोर केला नाही. थांबलं की भाव चढतोच असं नाही, सोयाबीन धरून बसलेल्या कित्येकांना मी पोळलेलं पाहिलं आहे.

किरकोळ गोष्टीही निघाल्या. भाऊंची दोन बँकांत खाती, दोन्हीतून दर वर्षी जीवनज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20 कापले जात होते. असे दोन हप्ते भरले तरी भरपाई एकदाच मिळते, म्हणून एका बँकेत लिहून देऊन ते बंद केलं. तीन मोबाइलचं 28 दिवसांचं रिचार्ज वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा मारावं लागतं, तेही ताईंच्या आता ध्यानात आलं.

मुलीच्या खर्चाचा आकडाही पुन्हा मांडला. 2024-25 पासून राज्यात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. ताईंचं घर त्यात बसतं. म्हणजे जमवायचे ते राहण्याचे, मेसचे आणि पुस्तकांचे. पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, त्यांना सुचवली नाही, कारण ती 5 वर्षांची असते आणि मोडायची तरी 3 वर्षं थांबावं लागतं. मुलगी दोन वर्षांत बारावी होणार. म्हणून बँकेत 24 महिन्यांची आरडी, ताईंच्या नावानं, लाडक्या बहिणीच्या पैशातून.

या मार्चला वेगळ्या खात्यात 65,000 जमले होते. बाहेरून 30,000 च घ्यावे लागले, दोन महिन्यांचं व्याज 3,000. नव्या कर्जातले 62,000 हाती राहिले आणि खत-बियाणं रोखीनं आलं. खर्रा दोनाचा एक झाला, असं भाऊ म्हणतात. ताईंना ते मान्य नाही.

आरडी हजाराची करा, असं मी सुचवलं होतं. ताई म्हणाल्या, "नाही जी, पाचशेचीच राहू द्या. औंदा बोंडअळी आली त मार्चाले पुन्हा हात पसरा लागन. वरचे पाचशे त्याच खात्यात टाकतो."

आरडी पाचशेचीच उघडली.