अतिवाहकाच्या (विद्युतरोध नसलेल्या पदार्थाच्या) सीमेवर इलेक्ट्रॉनचे काय होते? आणि मायोराना अवस्था (स्वतःचाच प्रतिकण असलेल्या कणासारख्या अवस्था) सापडल्या का?

ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात एम.एस्सी. करताना आपल्याला हे दोन प्रश्न पडले आहेत. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर निश्चित आहे.

अतिवाहकाच्या ऊर्जा-अंतरापेक्षा (एकट्या इलेक्ट्रॉनला आत राहण्यास लागणाऱ्या किमान ऊर्जेपेक्षा) कमी ऊर्जा असलेला इलेक्ट्रॉन साध्या धातूतून एकटा आत शिरू शकत नाही. तो विरुद्ध स्पिनचा दुसरा इलेक्ट्रॉन सोबत घेऊन कूपर जोडीच्या (दोन इलेक्ट्रॉनांच्या बद्ध जोडीच्या) रूपाने आत जातो आणि धातूत मागे एक विवर (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) परतते, ज्यामुळे धातू व अतिवाहक यांच्या स्वच्छ जोडाची वाहकता दुपटीपर्यंत वाढते. हेच १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेयेव यांनी मांडलेले परावर्तन होय. दोन अतिवाहकांमधील पातळ थरात ते पुन्हा पुन्हा घडले की बद्ध अवस्था (आंद्रेयेव अवस्था) तयार होतात. त्यांची ऊर्जा दोन्ही बाजूंच्या अतिवाहकांमधील कलांतरावर (त्यांच्या तरंगांच्या कलेतील फरकावर) अवलंबून असते आणि व्होल्टताविना वाहणारा जोसेफसन प्रवाह मुख्यतः त्याच वाहून नेतात.

मायोराना अवस्थांबाबत मात्र सावध राहावे. अतिवाहकाला जोडलेल्या नॅनोतारेच्या (अतिसूक्ष्म तारेच्या) टोकाशी शून्य व्होल्टतेला दिसणारे वाहकतेचे शिखर हा त्यांचा पुरावा मानला जाई. परंतु अशुद्धींमुळे साध्या आंद्रेयेव अवस्थाही तसेच शिखर देतात, आणि अशा शिखराच्या आधारे दावा करणारा २०१८ चा गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. माझ्या मते, केवळ शिखरावर विसंबलेला दावा स्वीकारू नये.