दुकानाचा नंबर कोणाच्या नावावर?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले असून नाशिकमधल्या लहान व्यावसायिकांना फोनच्या जोडण्यांबाबत सल्ला देतात.)

प्रश्न : रविवार कारंजाजवळ आमचं शेतीपंप आणि ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गोदाम अंबडला आणि एक छोटी शाखा पिंपळगाव बसवंतला. दुकानात ०२५३चे दोन जुने लँडलाइन नंबर आहेत. बिलबुकावर, टेम्पोवर, खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर तेच रंगवलेत. मागच्या पावसाळ्यापासून ईपीएबीएक्स (दुकानातले फोन आपसांत आणि बाहेरच्या लाइनींशी जोडणारं यंत्र) धड चालत नाही. आमचे मिस्टर म्हणतात, आता इंटरनेटवरचीच फोन यंत्रणा घेऊ. एका विक्रेत्यानं माणशी महिना ६०० रुपये सांगितलेत. आमची ११ माणसं आहेत. जुने नंबर 'पोर्ट करून देतो' असंही तो म्हणाला. सासरे म्हणतात, लँडलाइनला हात लावायचा नाही. हिशेब मी बघते, म्हणून हे माझ्या गळ्यात आलंय. क्लाउड (कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी यंत्रणा) घ्यावं की दुकानात स्वतःच्या यंत्रणेची पेटी बसवावी? आणि आमचं इंटरनेट पुरेल का?
(एक वाचक, रविवार कारंजा)

उत्तर : ताई, त्या विक्रेत्याला 'पोर्ट करून देतो' हे वाक्य कंपनीच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी मागा. तो पुन्हा फिरकला तर मला कळवा.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे मोबाइलला आहे, आणि ३ जुलै २०१५पासून ती देशभर चालते. लँडलाइनला ती सोय नाही. तुमचा ०२५३चा नंबर ज्या कंपनीचा आहे तिच्याकडेच राहणार. विक्रेत्याच्या मनात बहुतेक एवढंच असेल की जुन्या नंबरावर आलेला कॉल त्याच्या नव्या नंबरावर वळवायचा. त्याला डिव्हर्ट म्हणतात. डिव्हर्ट चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठी जुनी लाइन जिवंत ठेवावी लागते, तिचं भाडं चालू राहतं आणि वळवलेला प्रत्येक कॉल तुमचा जावक कॉल म्हणून धरला जातो. तुमच्या योजनेत तो फुकट आहे का, हे बिलावर बघा.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, आणि तो कोणीच विचारत नाही. विक्रेता जो नवा नंबर देणार आहे तो कोणाच्या नावावर असेल? अनेकदा असे नंबर विक्रेत्यानं स्वतःच्या जोडणीवर घाऊक घेतलेले असतात आणि त्यातला एक तुम्हाला वापरायला देतात. केवायसी त्याची, करार त्याचा. दोन वर्षांनी भाडं वाढवलं आणि तुम्ही सोडून निघालात, तर नंबर त्याच्याकडेच राहतो. तोवर तुम्ही नवी बिलबुकं छापून बसलेल्या असता. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर माझं मत पक्कं झालंय : यंत्र बदलता येतं, ॲप बदलता येतं, गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलेला नंबर बदलता येत नाही. म्हणून नवा नंबर परवानाधारक दूरसंचार कंपनीकडून तुमच्या फर्मच्या नावानं घ्या, फर्मचे कागद देऊन, आणि बिल फर्मच्या नावानं येतंय हे पहिल्याच महिन्यात तपासा. वरची क्लाउड सेवा मग कोणाचीही असू दे.

आता क्लाउड की पेटी. एकाच इमारतीत सगळी माणसं असती, तर मी डोळे मिटून पेटी म्हटलं असतं. आयपी-पीबीएक्स, म्हणजे नेटवर्कच्या केबलींवर चालणारी ईपीएबीएक्स, एकदा विकत घ्यायची, जुन्या लाइनी एफएक्सओ गेटवे नावाच्या जोडयंत्रातून तिला जोडायच्या, माणशी भाड्याची कटकट नाही. इंटरनेट गेलं तरी आतल्या आत फोन चालतात, तांब्याच्या तारेवरचा बाहेरचा कॉलही येतो. पण तुमचा कारभार तीन ठिकाणी आहे. लँडलाइनवर आलेला कॉल स्वतःच्या पेटीतून इंटरनेटवरून दुसऱ्या गावी नेण्यावर आपल्याकडे परवान्याचे निर्बंध राहिले आहेत. त्या भानगडीत दुकानदारानं पडू नये. परवानाधारक कंपनीची क्लाउड सेवा घेतली की ती जबाबदारी तिच्यावर जाते. शिवाय दुकानातलं इंटरनेट बंद पडलं तरी क्लाउडवरचा कॉल मिस्टरांच्या मोबाइलवर वाजतो. तुमच्यासाठी क्लाउड.

पण ११ जणांना नको. ६०० गुणिले ११ म्हणजे महिना ६,६००, तीन वर्षांचे २,३७,६००, वर १८ टक्के जीएसटी धरून २,८०,३६८. जीएसटीचं क्रेडिट मिळेल, तरी आकडा डोळ्यांसमोर ठेवा. गोदामातल्या हमालाला आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला एक्सटेन्शन कशाला? दुकानाचा काउंटर, तुमचा हिशेब, मिस्टर, गोदाम, पिंपळगाव, अशा पाच जागा झाल्या. पाचांचे तीन वर्षांचे जीएसटीसकट १,२७,४४०. विक्रेत्याला विचारा, भाडं माणशी आहे की एका वेळी चालणाऱ्या कॉलप्रमाणे. दुसऱ्या प्रकारात तुमच्यासारख्यांचं बरंच वाचतं, कारण पाचही जण एकाच वेळी कधी बोलत नसतात.

इंटरनेट पुरेल का, याचं उत्तर लोकांना खोटं वाटतं. जी.७११ या आवाज पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस). शंभर धरा. पाच कॉल एकदम चालले तरी अर्धा एमबीपीएस. त्यामुळे '३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या' म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. आवाज बिघडतो तो वेगळ्या कारणांनी : उशीर, उशिरातला चढउतार आणि हरवलेली पाकिटं, म्हणजे वाटेत गळालेले आवाजाचे तुकडे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी की आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा. त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागतात, आणि पाणी बंद पडल्यामुळे आधीच तापलेल्या शेतकऱ्याशी असं बोलणं कसं होईल ते तुम्हीच ठरवा.

दुकानात हा उशीर कुठून येतो? नव्वद टक्के वेळा सीसीटीव्हीतून, असं म्हणण्याचा मोह होतो. आकडा सोडा, पण पहिला संशय त्याच्यावरच घ्या. कॅमेऱ्यांचं चित्रण क्लाउडवर चढत असतं आणि वर जाणारी वाट तीच तुंबवते. राउटरमध्ये फोनला अग्रक्रम द्यायची सेटिंग असते, क्यूओएस नावाची. ती लावून घ्या. फोनला वाय-फाय नको, केबल ओढा. आणि 'आपल्याला ऐकू येतं, समोरच्याला येत नाही' अशी तक्रार आली तर बसवणाऱ्याला राउटरमधली एसआयपी एएलजी नावाची सेटिंग बंद करायला सांगा. नाव लिहून ठेवा. निम्म्या पोरांना ते माहीत नसतं, मग ते फोनच बदलून देत बसतात.

विजेचं मात्र आधी बघा. जुना लँडलाइन एक्सचेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. गावभर अंधार असला तरी फोनला टोन असायचा, आणि आम्हा खात्यातल्या लोकांना त्याचा भारी अभिमान होता. आता फायबरची डबी, राउटर, स्विच (अनेक फोनांच्या केबली जोडायचा डबा), फोन, सगळ्यांना तुमच्या घरची वीज लागते. पीओई स्विच घेतला तर फोनांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज मिळते, मग डबी, राउटर आणि स्विच अशा तिघांना एकच यूपीएस पुरतो. संगणकाच्या यूपीएसवर हे लावू नका. तो छपाईयंत्रासकट दहा मिनिटांत मान टाकतो.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि त्याच्या कामांसाठी रस्ते खणले जाणार, हे मी नाशिककराला सांगायला नको. जेसीबीच्या दातात फायबर आली की दुरुस्तीला किती वेळ लागेल हे कंपनीलाही सांगता येत नाही. म्हणून इंटरनेटच्या दोन जोडण्या घ्या, पण दोन कंपन्यांच्या केबली एकाच चरातून येत असतील तर दुसरीचे पैसे वाया. एक जमिनीखालून आणि दुसरी खांबावरून घ्या, किंवा सरळ ४जी-५जीचं सिम लागणारा राउटर. पिंपळगावला तोच राउटर मुख्य म्हणून चालतो का, ते बाजाराच्या गर्दीच्या वेळी फोन लावून बघा. रात्री नऊला चाचणी घेऊन उपयोग नाही.

राहिले सासरे. दोन लँडलाइनपैकी भिंतींवर रंगवलेला नंबर तसाच ठेवा, फोन काउंटरवर त्यांच्या हाताशी. एक्सचेंजकडून 'उचलला नाही किंवा व्यस्त असला तर डिव्हर्ट' ही सोय मागून घ्या आणि तो कॉल नव्या नंबरावर सोडा. त्याच कंपनीच्या फायबरवर तोच नंबर मिळतो का, हेही कार्यालयात जाऊन विचारा. तुमचं एक्सचेंज कोणतं यावर ते ठरतं. दुसऱ्या लँडलाइनवर गेल्या तीन महिन्यांत किती कॉल आले ते बघून मग ती ठेवायची की नाही ठरवा.

बारीकसारीक दोन गोष्टी. जुन्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करता येतं, लँडलाइनलाही. पडताळणीचा आकडा कॉलवर सांगतात. तो कॉल 'मराठीसाठी एक दाबा'च्या मेनूत अडकला की संपलं, म्हणून मेनू बसवण्याआधी हे उरकून घ्या. आणि १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लागतो. जुन्या ईपीएबीएक्सवर बाहेरची लाइन घ्यायलाही पोरं ० दाबतात. नव्या यंत्रणेत तो शून्य आपोआप लागेल अशी व्यवस्था करून द्यायला सांगा, नाहीतर पहिला आठवडा 'फोन लागत नाही' हेच ऐकत बसाल.

परदेशी कॉल मात्र पहिल्याच दिवशी बंद करून घ्या. इंटरनेटवर उघडी पडलेली फोन यंत्रणा शोधत फिरणारे लोक जगभर आहेत. पासवर्ड १२३४ दिसला की रात्रीतून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल सुरू होतात आणि बिल मालकाला येतं. ठिबकचे फिल्टर विकायला आयएसडी लागत नाही.

प्रश्न : गंगापूर रोडला माझा दवाखाना आहे. अपॉइंटमेंटसाठी दिवसभर फोन वाजतो, रिसेप्शनवरची मुलगी एकटी पडते. इंटरनेट फोनवर मेनू आणि कॉल रेकॉर्डिंग दोन्ही मिळतंय. घ्यावं का?
(एक डॉक्टर)

उत्तर : डॉक्टर, मेनू घ्या, पण दोनच पर्यायांचा, आणि काहीच दाबलं नाही तरी कॉल माणसाकडे गेला पाहिजे. सत्तरीतल्या आजी कानाला फोन लावून आकडा दाबायच्या नाहीत. त्या 'हॅलो, हॅलो' म्हणत राहतील. तुमची खरी गरज रांगेची आहे. मुलगी बोलत असताना दुसऱ्याला व्यस्त टोन न जाता कॉल थांबून राहावा, आणि सुटलेल्यांची यादी दुपारी दोनला तिच्यासमोर यावी. ती यादी रोज बघितलीत तर यंत्रणेचे पैसे वसूल होतील.

रेकॉर्डिंगबाबत मी दवाखान्यांना सहसा नको म्हणतो. पेशंट फोनवर काय काय सांगतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ते कोणाच्या सर्व्हरवर, किती दिवस, कोण ऐकू शकतं? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला, आणि माहिती गोळा करणारे म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते, फोन कंपनीकडे बोट दाखवून सुटका नाही. घ्यायचंच असेल तर कॉलच्या सुरुवातीला तसं सांगा आणि ठरावीक दिवसांनी पुसून टाकायची सेटिंग लावा. एक साधा मोबाइल टेबलावर राहू द्या, यंत्रणेशी न जोडलेला. १०८ किंवा ११२ लावायची वेळ आली तर राउटर चालू आहे का ते बघायला कोणाला सवड नसते.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमचे प्लॉट विक्रीला आहेत. इंटरनेट फोनवरून यादीतल्या नंबरांना आपोआप कॉल लावणारी यंत्रणा स्वस्तात मिळतेय. सोबत भरपूर सिम लागणारी एक पेटीही देतो म्हणतात. घेऊ का?
(एक व्यावसायिक)

उत्तर : पेटी मुळीच नको. इंटरनेटवरचे कॉल सिमांच्या पेटीतून बाहेर काढणं म्हणजे बेकायदा एक्सचेंज. अशा ठिकाणी पोलिस आणि दूरसंचार विभाग दोघंही येतात, आणि सिमं ज्याच्या नावावर तो आधी सापडतो.

जाहिरातीच्या कॉलना ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, २०१८चे नियम लागतात : आधी नोंदणी करायची, १४०नं सुरू होणाऱ्या मालिकेतला नंबर घ्यायचा आणि ज्यांनी असे कॉल नको म्हणून नोंदवलंय त्यांना वगळायचं. साध्या दहा आकडी नंबरावरून यादी फिरवलीत, तर लोक १९०९ला तक्रार करतील आणि जोडणी तुटेल. तोच नंबर तुमच्या साइटच्या फलकावर असेल, तर फलक बघून फोन करणारा खरा गिऱ्हाईकही गेला. आणि यादी कुठून आणलीत, ते लिहायचं राहिलंय तुमच्या पत्रात.