जुना ट्यूब ॲम्प घुमतो आणि तडतडतो, सगळ्या ट्यूबा बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेकंडहँड घेतलेला गिटारचा १५ वॉटचा ट्यूब कॉम्बो (व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) चालू केला की घूंऽऽ करतो आणि तापला की फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो. सगळ्या ट्यूबा बदलू का?

इतक्यात नको. मी नेमकं तेच केलं होतं. पाच ट्यूबांचा नवा संच मागवला, लावला, आणि तडतड जिथल्या तिथे. शेवटी दोषी निघाला १०० किलोओहमचा एक म्हातारा कार्बन रेझिस्टर, कटिंग चहापेक्षा स्वस्त.

आधी गिटारची केबल ॲम्पमधून उपटा. घूं गेलं, तर ॲम्प निर्दोष आहे; गिटार, केबल नाहीतर घर बघा. सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारी गिटारवरची एकेरी वेटोळी) आजूबाजूचा सगळा कचरा गोळा करतात. आपल्याकडचा मोठा चोर म्हणजे पंख्याचा पायऱ्या नसलेला, गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा हळू केला की भर्रर्र, बंद केला की चिडीचूप. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरही तसाच. आणि सॉकेटला अर्थ खरंच जोडलाय का ते वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. घूं कमी होतं म्हणून अर्थची पिन काढायचा सल्ला कोणी दिला, तर त्याचं अजिबात ऐकू नका. जीव जाऊ शकतो.

केबल काढूनही घूं राहिलं, तर गिटार ट्यून करून सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट वाजवा. तो जी स्वर साधारण ९८ हर्ट्झचा. ॲम्पचं घूं त्याच्याशी जवळजवळ जुळलं, किंचित चढं वाटलं, तर ते १०० हर्ट्झ: म्हणजे पॉवर सप्लाय, बहुधा सुकलेले फिल्टर कॅपॅसिटर, म्हणजे सप्लायची लहर सपाट करणारे. त्याहून एक सप्तक खाली, गोल आणि मऊ असेल तर ५० हर्ट्झ: ट्यूब तापवणाऱ्या हीटरच्या तारा, ग्राउंडिंग, किंवा आतून गळणारी एखादी प्रीॲम्प ट्यूब (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारी छोटी ट्यूब). (अमेरिकन व्हिडिओंत ६० आणि १२० म्हणतात, तो त्यांच्या विजेचा हिशेब.) एक मेख मात्र आहे. दोन ईएल८४, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या आउटपुट ट्यूबा, जोडीनं काम करतात तेव्हा सप्लायची लहर एकमेकींत विरून जाते. त्यातली एक थकली की कॅपॅसिटर धडधाकट असूनही १०० हर्ट्झ ऐकू येतं.

आता तडतड. व्हॉल्यूम शून्यावर न्या. तडतड गेली, तर दोष व्हॉल्यूमच्या आधी. तशीच राहिली, तर नंतर. मग ॲम्प बंद करून, गार होऊ देऊन, इनपुटजवळची पहिली १२एएक्स७ (तीच छोटी प्रीॲम्प ट्यूब) काढा आणि पुन्हा चालू करा. आवाज थांबला तर त्या ट्यूबच्या टप्प्यातच काहीतरी आहे. नाही थांबला तर पुढची काढा. स्पीकर मात्र कधीही सुटा ठेवून ॲम्प चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

टप्पा सापडला की तिथे दुसऱ्या जागेची १२एएक्स७ लावून बघा. तडतड ट्यूबबरोबर फिरली तर ट्यूब गेली. जागेवरच राहिली, तर आधी सॉकेट: कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ट्यूब तीन-चार वेळा आत-बाहेर करा, अर्थात ॲम्प बंद असताना. त्यानंही नाही भागलं, तर त्या टप्प्याचा प्लेट रेझिस्टर, म्हणजे ज्यातून ट्यूबच्या प्लेटला वीज मिळते तो. तिथे मेटल फिल्म जातीचा रेझिस्टर लावा. माझा तोच होता. तापल्यावरच बोलायचा, त्यामुळे पाच मिनिटं गाणं नीट आणि मग तडतड. तुमचंही लक्षण तसंच दिसतंय.

ट्यूबवर पेन्सिलच्या रबराने हलकेच टकटक केल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा टण्ण आला, तर ती मायक्रोफोनिक आहे, म्हणजे हादरे माइकसारखे पकडते. थोडंसं सगळ्याच करतात. शिट्टी मारायला लागली तरच बदला.

मागचं झाकण उघडून आत हात घालायचा झाला, तर प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट डीसी टिकून असू शकतात. मीटरने मोजून ते उतरवता येत नसतील, तर रेझिस्टर आणि कॅपॅसिटर बदलायचं काम जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे न्या. त्यांना गिटार येत नसली तरी चालतं, हे सर्किट त्यांच्या ओळखीचं असतं. जाताना वरचं सगळं कागदावर लिहून न्या, म्हणजे तोही पहिल्यांदा ट्यूबाच विकायला बसणार नाही.