‘मनाचं आहे’ म्हणजे दुखणं खोटं असतं का?

प्रश्न: नमस्कार ताई. मी शाळेत शिकवते. गेल्या उन्हाळ्यापासून कंबर आणि डावा पाय दुखतो, कधी जळजळ, कधी मुंग्या, रात्री कूस बदलली की जाग येते. धंतोलीत दोन-तीन डॉक्टर झाले, एक्स-रे, एमआरआय सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी मिस्टरांकडे बघून सांगितलं की स्ट्रेस आहे, मनाचं आहे. तेव्हापासून मी जरा कण्हले की सासूबाई म्हणतात, ‘काही नाही झालं वं तुले, मनाचं आहे सारं.’ मिस्टर बोलत नाहीत पण चेहऱ्यावर तेच असतं. आता मलाच वाटायला लागलंय की मी नाटक तर करत नाही ना? मन आणि शरीर एकच की वेगळं? आणि वेगळं असेल तर मनाचं दुखणं पायात येतं कसं?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: तुम्ही नाटक करत नाही आहात, हे आधी सांगते. एमआरआय मणका दाखवतो, गादी दाखवतो, नस दबली का ते दाखवतो, पण दुखणं दाखवायचं मशीन ते नाहीच. ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये गादी सरकलेली निघते, मग रिपोर्ट स्वच्छ असून दुखणारं माणूस असलं तर त्यात नवल काय? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, त्यात वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून एकच अनुभव धरलाय, आणि माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान ठेवा असंही सोबत लिहिलंय. हे मिस्टरांना वाचून दाखवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. अगदी हाच प्रश्न मे १६४३ मध्ये चोवीस वर्षांच्या एका मुलीने पत्रातून विचारला होता. तिचं नाव एलिझाबेथ, बोहेमियाची राजकन्या, वडिलांचं राज्य गेलेलं आणि घरदार हॉलंडमध्ये आश्रयाला. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तचं पुस्तक १६४१ ला आलं होतं, त्यात त्याने मांडलं की शरीर म्हणजे जागा व्यापणारी वस्तू आणि मन म्हणजे विचार करणारं, जागाच न व्यापणारं तत्त्व, दोन्ही मुळातच वेगळी. हिने विचारलं, ज्याला आकार नाही, जे कशाला टेकत नाही, ढकलत नाही, ते शरीराला हलवतं कसं? देकार्तने उत्तरं दिली पण तिचं समाधान झालं नाही, पुढच्या पत्रात तिने लिहिलं की बिनवस्तूचं मन शरीर हलवतं हे मानण्यापेक्षा मनालाच वस्तू मानणं मला सोपं जातं. पुढे १६४९ च्या पुस्तकात त्याने मेंदूतल्या एका छोट्या ग्रंथीत दोघांची गाठ घालून दिली. पण त्याने काय होतं, प्रश्न फक्त त्या ग्रंथीत जाऊन बसतो.

मला मात्र त्या दोघांची १६४५ ची पत्रं जास्त महत्त्वाची वाटतात. एलिझाबेथला बारीक ताप आणि कोरडा खोकला होता, जाता जात नव्हता, आणि देकार्तने लिहिलं की अशा तापाचं नेहमीचं कारण दुःख असतं. म्हणजे बघा, मन-शरीर वेगळं म्हणणारा माणूसच तिला मनाचं आहे म्हणाला! तिने ते नाकारलं नाही, पण मनाला बसलेले धक्के माझ्या शरीराला लगेच लागतात आणि मग ते आपलं आपण सावरत नाही, असं उत्तर दिलं. कारण मनात सुरू झालं म्हणून ताप खोटा ठरत नाही हे तिला नीट कळत होतं. तुमच्या घरात नेमकं तेच कळत नाहीये.

याचा एक पुरावा १९७८ च्या एका प्रयोगात आहे. दाढ काढलेल्या पेशंटना औषध म्हणून नुसतंच, औषध नसलेलं काहीतरी दिलं, आणि त्यातल्या काहींचं दुखणं खरंच कमी झालं. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं, जे अफूसारख्या वेदनाशामकांचा परिणाम अडवतं, तर ज्यांना आराम पडला होता त्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे नुसत्या विश्वासाने आलेला आराम शरीराने स्वतः तयार केलेल्या रसायनांतूनच आला होता. विश्वासाने दुखणं उतरू शकतं तर धास्तीने चढूही शकतं, आणि दोन्ही वेळी जे घडतं ते नसांत आणि मेंदूतच घडतं.

आपल्याकडे तर ही रेघ मन आणि शरीर यांच्यामध्ये ओढलेलीच नाही. सांख्य हे आपलं एक जुनं दर्शन, त्यांच्या हिशोबात मन, बुद्धी, अहंकार सगळं प्रकृतीतच, म्हणजे शरीर ज्यातून बनतं त्या जड सृष्टीतच येतं, वेगळा आहे तो फक्त बघणारा ‘पुरुष’, म्हणजे आत्मा. छांदोग्य उपनिषदात उद्दालक ऋषी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतो आणि मग वेद म्हणायला सांगतो, त्याला एक ओळ आठवत नाही, जेवल्यावर सगळं आठवतं, आणि बाप म्हणतो मन अन्नाचंच बनलेलं आहे बाबा. चार्वाक तर त्याच्याही पुढे जातात, त्यांच्या मते चैतन्य शरीरातूनच येतं, जशी आपल्या विदर्भात मोहाच्या फुलांत नशा नसते पण ती आंबवली की येते. यातलं कोणतंही मत धरा, मनाचं म्हणजे नाहीच असं कुठेच निघत नाही. मला स्वतःला सांख्यांची मांडणी जवळची वाटते, पण आत्मा मानायचा की नाही हा तुमचा प्रश्न, त्यावर तुमच्या कंबरेचा उपचार अडत नाही.

तेव्हा डॉक्टरांना ‘शरीराचं की मनाचं’ असं विचारूच नका, नसा जास्त संवेदनशील झाल्यात का, फिजिओथेरपी कोणती, झोपेचं काय करायचं, पेन क्लिनिकला दाखवू का, हे विचारा. आणि मिस्टरांकडे नाही, तुमच्याकडे बघून बोलतील असे डॉक्टर शोधा. पायातली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर मात्र वाट न बघता लगेच दवाखाना.

प्रश्न: जयभीम ताई. मी बी.ए.ला आहे. बुद्धांनी आत्मा नाकारला, मग त्यांनी मन आणि शरीर एकच मानलं का?
– एक विद्यार्थी, इंदोरा, नागपूर

उत्तर: जयभीम. एकच असंही म्हटलं नाही आणि वेगळं असंही नाही. बुद्धांचा एक भिक्खू मालुंक्यपुत्त हट्टाला पेटून जे प्रश्न विचारतो त्यात ‘जीव आणि शरीर एकच की वेगवेगळं’ हाही आहे, आणि बुद्ध त्याचं उत्तर देत नाहीत, कारण त्याने दुःख संपत नाही. यावर वाद घालणारे बरेच भेटतील तुला, पण मला विचारशील तर आधी सल्ल सुत्त वाच (सल्ल म्हणजे बाण), संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात आहे, एका बैठकीत होतं. त्यात बाण लागलेल्या माणसाची गोष्ट आहे. एक बाण अंगाला लागतो आणि त्यावर रडण्या-कुढण्याचा दुसरा बाण मनाला. बरेच जण हे अर्धवट वाचतात आणि दुखणाऱ्या माणसाला उपदेश करायला निघतात, पण शहाण्या माणसालाही पहिला बाण लागतोच आणि दुखतोच, हे त्याच सुत्तात स्पष्ट सांगितलंय, ते वाचताना सोडू नको.